आपल्या शेतातला मातीचा बांध

श्रोतेहो, नमस्कार.

रोहिणी सरत आली की खान्देशातल्या शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. ज्यांनी स्वतःच्या खर्चाने नाला अडवून, मातीचा बांध घालून शेतात लहानसा तलाव केला आहे, त्यांनी पाऊस येण्याआधी एकदा त्या बांधावरून सावकाश चालत जावे, ही विनंती करण्यासाठी मी आज आपल्यापुढे बोलतो आहे.

धरणांच्या सुरक्षिततेसाठी 2021 साली केंद्राने कायदा केला. तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर लागू होतो. आपला पाच-सहा मीटरचा खासगी बांध त्यात येत नाही, म्हणून त्याचा मालक हाच त्याचा तपासनीस असतो. बांध लहान असला तरी त्याच्या खाली शंभर पावलांवर सालदाराचे घर असेल, तर त्या घराच्या दृष्टीने तो मोठाच आहे.

मातीचा बांध पाणी अडवू शकतो, पण डोक्यावरून वाहणारे पाणी सोसू शकत नाही. म्हणून जादा पाणी बाजूने काढून देणारा सांडवा हा त्याचा प्राण आहे. आपल्याकडे पाण्याची ओढ इतकी असते, की चार दिवसांचे पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचल्या जातात, दगड मांडले जातात, मासळी निसटू नये म्हणून जाळी ताणली जाते. यामागची गरज मला समजते, परंतु याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, तुमच्या नाल्यात 40 हेक्टर शिवाराचे पाणी उतरते. दोन तासांत 100 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातले निम्मेच पाणी वाहून आले, तरी ते 2 कोटी लिटर होते, म्हणजे सेकंदाला सरासरी 2,800 लिटर. सांडव्यावरून एक फूट उंचीचे पाणी वाहत असेल, तर दर मीटर रुंदीमागे सेकंदाला साधारण 280 लिटर पाणी बाहेर पडते. तेव्हा सांडवा 10 मीटर रुंद हवा. तो दोनच मीटर ठेवला, तर तेवढेच पाणी जाण्यासाठी त्यावर सुमारे तीन फूट पाणी चढावे लागेल, आणि सांडव्यापासून बांधाचा माथा दोनच फूट उंच असेल, तर त्याआधीच पाणी माथ्यावरून पलीकडे उतरू लागेल. जोराच्या पावसात ऐन वेळचा लोंढा या सरासरीहून मोठा असतो, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. मे महिन्याच्या उन्हात ती फाटते आणि बांधाच्या माथ्यावर अशा भेगा पडतात की काठी हातभर आत जाते. बांधाच्या लांबीने गेलेली भेगही सोडू नये, पण तलावाकडून पलीकडे आडवी गेलेली भेग अधिक घातक असते, कारण पहिल्याच भरतीला पाणी त्या वाटेने शिरते. चुन्याचे पातळ पाणी भेगेत ओतावे आणि पांढरा माग जिथपर्यंत दिसेल तिथपर्यंत माती खणून, ओलसर करून, थराथराने पुन्हा ठोकून भरावी. वरवर माती लोटून भेग झाकली, तर ती केवळ दिसेनाशी होते. घुशींची बिळेही अशीच उकरून भरावीत. बांधावर बाभळी वाढू देऊ नयेत, हराळी खुशाल वाढू द्यावी.

आता नळाविषयी. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा ते बांधकामाखालीच होते, आणि त्याचा भराव खचला तो पाणी सोडण्याच्या नळाच्या वरचा. एवढ्या मोठ्या धरणाची जी दुबळी जागा ठरली, तीच आपण आपल्या बांधात हौसेने तयार करतो.

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या थोरल्या काकांचा, आप्पांचा, असा बांध आहे. केळीला पाणी सोयीने मिळावे म्हणून एका उन्हाळ्यात त्यांनी जेसीबीने बांध चिरून पीव्हीसीचा नळ टाकला आणि त्याच यंत्राने माती ढकलून चर बुजवला. मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य काढलेला माणूस, पण माती किती थरांत दाबली हे मी त्यांना विचारले नाही, याची खंत मला आजही आहे. श्रावणात तलाव काठोकाठ भरला आणि नळाच्या बाहेरच्या अंगाने मनगटाएवढी धार सुरू झाली. आप्पांनी ते पाणी तांब्यात धरून ओट्यावर ठेवले. थोड्या वेळाने तळाशी पिवळ्या मातीचा थर बसलेला दिसला. पाझर स्वच्छ असेल तर त्यावर नजर ठेवावी, पण गढूळ पाझर म्हणजे बांध आतून वाहून चालला आहे असे समजावे.

गडीमाणसे काळ्या चिखलाची घमेली घेऊन धार बुजवायला धावली. मी फोनवरून त्यांना थांबवले, कारण बाहेरून तोंड बंद केले की पाणी दुसरीकडून वाट काढते. धारेवर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा थर रचला, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती मागे अडते. डिझेल इंजिन लावून रात्रभर तलाव उपसला. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवऱ्याचे मातीचे धरण फुटले आणि खालच्या वाडीतली घरे माणसांसकट वाहून गेली, हे मनात असल्याने सालदाराच्या कुटुंबाला मी आधी शाळेत हलवायला सांगितले होते. पहाटे पाणी दोन हात उतरले आणि धार निवळली.

दिवाळीनंतर तो नळ काढला. चराच्या बाजू उतरत्या कापून सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून रोलरने दाबले. केळीचे पाणी आता बांधाच्या माथ्यावरून सायफनने येते, आणि आप्पा रोज सकाळी बांधाच्या पायथ्याशी एक फेरी मारतात. जाताना तांब्या सोबत नेतात.

नमस्कार.