कोरकू मुलांच्या वर्गात जाण्यापूर्वी

नमस्कार, श्रोतेहो. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे आपला मेळघाट. तेथील अनेक शाळांमध्ये पहिलीत येणारे मूल घरात कोरकू बोलत वाढलेले असते, आणि त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाने अध्यापन पदविकेच्या दोन वर्षांत कोरकूचे एक वाक्यही बहुधा ऐकलेले नसते. या शिक्षकाची तयारी कशी व्हावी, याविषयी मी आज बोलणार आहे.

कोरकू ही मराठीची बोली आहे, असा समज अजूनही आढळतो. वस्तुतः ती मुंडा कुळातील, म्हणजे संताळी आणि मुंडारी यांच्या नात्यातील भाषा आहे, आणि 2011 च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. या भाषेत मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. सजीव आणि निर्जीव असा भेद आहे. त्यामुळे भिंत ‘ती’, दगड ‘तो’ आणि झाड ‘ते’ का, हे कोरकू मुलाला सहज उमगण्याचे कारण नाही, आणि ‘बाई आला’ असे ते म्हणाले तर तो निष्काळजीपणा नसून दोन व्याकरणांच्या सांध्यावर घडलेली, समजून घेण्याजोगी चूक असते. हे ज्याला ठाऊक आहे, तो शिक्षक मुलाला हसणार नाही आणि इतरांनाही हसू देणार नाही. शिवाय ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरक, जो हिंदी भाषकाला मुद्दाम शिकावा लागतो, तो कोरकूत मुळातच आहे. म्हणजे मराठीपर्यंत पोहोचण्याची एक वाट या मुलांच्या घरातूनच निघते. प्रशिक्षणात असे तुलनात्मक व्याकरण थोडे तरी शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते. माझ्या मते ते भाषाविषयक घोषवाक्यांपेक्षा कितीतरी उपयोगी ठरेल.

कायद्याचा आधार आहेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. ओडिशाने तर 2006-07 पासून आदिवासी भाषांतील बहुभाषिक शिक्षण प्रत्यक्ष शाळांत सुरू केले.

भाषेइतकेच गावाचे वर्षही शिक्षकाला माहीत हवे. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे मजुरीसाठी मेळघाटाबाहेर जातात आणि कोरकूंचा सर्वांत मोठा सण असलेल्या होळीला परततात. हजेरीपटावरील रिकाम्या चौकोनांचा अर्थ येथे ‘पालकांची अनास्था’ असा लावणे अन्यायाचे आहे. परतलेल्या मुलाला कोणत्या पाठापासून पुन्हा सोबत घ्यायचे, याचे नियोजन पदविकेच्या काळातच शिकवता येईल.

म्हणून आंतरवासितेतील काही आठवडे छात्राध्यापकांनी कोरकू गावात राहून काढावेत, कोरकू जाणणाऱ्या स्थानिक स्त्री-पुरुषांना मानधन देऊन त्यांचे भाषाशिक्षक म्हणून नेमावे, आणि मुलाने कोरकूत सांगितलेली गोष्ट छात्राध्यापकाला समजते की नाही, याची तोंडी परीक्षा घेऊन तिचे गुण पदविकेत धरावेत.