एकाच गाण्याच्या इतक्या रेकॉर्ड्स कशाला? जॅझ जमवण्याबद्दल आणि लाइव्ह ऐकण्याबद्दल

नमस्कार मंडळी! आज जरा निवांत बसा, कारण आज माझ्या सगळ्यात लाडक्या विषयावर बोलायचंय, जॅझच्या रेकॉर्ड्स जमवणं आणि जॅझ लाइव्ह ऐकायला जाणं. हे मागचं कपाट ज्यांनी ज्यांनी बघितलंय त्यांनी मला एक प्रश्न हमखास विचारलाय, की अगं हे तर एकच गाणं दिसतंय, मग पाच-सहा वेळा कशाला घेतलंस? तर त्याचंच उत्तर देते.

हे बघा, जॅझमध्ये गाणं म्हणजे बऱ्याचदा ३२ बारचा, म्हणजे तालाच्या ३२ छोट्या भागांचा, एक साचा असतो. सुरुवातीला सगळे मिळून मूळ धून वाजवतात, मग त्याच कॉर्ड्सवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांवर, एकेक जण सोलो घेतो, एकट्याने वाजवतो, साचा संपला की पुन्हा पहिल्यापासून, आपण आवर्तन म्हणतो ना जवळपास तसंच, त्याला ते कोरस म्हणतात, आणि शेवटी परत धून. मधलं जे काही आहे ते बरंचसं त्या क्षणी सुचलेलं असतं. म्हणजे आज जे वाजलं ते उद्या तसंच्या तसं वाजणारच नाही, तेच लोक असले तरी नाही. म्हणून मी गाणी जमवत नाही, मी एकेक रात्र जमवते. कुठली तारीख, कुठली जागा, कोण कोण वाजवत होतं, हे माझ्यासाठी गाण्याच्या नावाच्या आधी येतं.

एक उदाहरण देते, आणि हे मी कितीही वेळा सांगू शकते. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचा तळघरातला छोटासा क्लब. पियानोवर बिल एव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन आणि डबल बासवर स्कॉट लाफारो, वय २५. त्या दिवशी दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट, म्हणजे कार्यक्रमाचे पाच भाग, झाले आणि सगळे रेकॉर्ड झाले. अगदी सुरुवातीच्या गाण्यात वीज गेली, टेपमध्ये तेवढा खड्डा पडला, आणि पूर्ण संच जेव्हा निघाला तेव्हा तो खड्डा पडलेला टेकसुद्धा (टेक म्हणजे गाण्याचं एकदाचं रेकॉर्डिंग) त्यात ठेवला, मला हे फार आवडतं. 'ऑल ऑफ यू' हे गाणं त्यांनी त्या एका दिवसात तीनदा वाजवलं, तिन्ही टेक्स मिळतात, आणि तिन्हीत लाफारोचा बास वेगळीच वाट धरतो, कधी पियानोच्या पुढे पळतो, कधी मध्येच बोलतो, कधी नुसता थांबून राहतो. मागे ग्लासांचा किणकिणाट, कोणाचं तरी हसणं, टेबलावरच्या गप्पा. आणि ११ दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो कार अपघातात गेला. टेप त्या दिवशी चालू नसती तर हे तिघं एकत्र कुठवर पोचले होते हे आपल्याला कधी कळलंच नसतं.

आता यातली खरी गोष्ट अशी की कित्येक रात्री कंपन्यांनी नाही, आपल्यासारख्या शौकीन लोकांनी वाचवल्यात. ७ नोव्हेंबर १९४०, नॉर्थ डकोटामधलं फार्गो, तिथल्या एका बॉलरूममध्ये ड्यूक एलिंग्टनचा ऑर्केस्ट्रा नाचाच्या कार्यक्रमाला आलेला. जॅक टॉवर्स आणि डिक बरिस ही दोन तरुण मुलं परवानगी काढून डिस्क कापायचं, म्हणजे थेट तबकडीवर रेकॉर्ड करायचं, मशीन घेऊन गेली आणि त्यांनी ती रात्र उतरवून घेतली, स्वतःला ऐकायला म्हणून! पुढे तेच रेकॉर्डिंग रीतसर बाजारात आलं आणि १९८० मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्या बँडमधला बासवाला जिमी ब्लॅन्टन १९४२ मध्ये क्षयाने गेला, अवघा २३ वर्षांचा. फार्गोच्या रेकॉर्डवर तो भर नाचाच्या गर्दीत वाजवतोय, स्टुडिओतला जपून जपून वाजवलेला ब्लॅन्टन नाही हा.

डीन बेनेडेट्टीचं तर वेड वेगळंच. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचा इतका भक्त की १९४७-४८ मध्ये क्लबांमध्ये रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन जायचा आणि फक्त पार्करचा सोलो सुरू झाला की चालू करायचा, सोलो संपला की बंद, म्हणजे डिस्क आणि टेप पुरेल. हे सगळं हरवलं अशी समजूत होती कित्येक वर्षं, आणि मग १९९० मध्ये मोझॅक नावाच्या कंपनीने काढलं. ऐकायला अवघड आहे हे, तुकडे आहेत नुसते, बाकीच्यांचे सोलो तोडलेत याचं मला वाईटही वाटतं, पण एका माणसाने दुसऱ्या माणसाचं इतकं मन लावून ऐकलंय, हे त्यात ऐकू येतं.

हे इतकं का महत्त्वाचं, तर त्या काळातली ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) १० इंची रेकॉर्ड, एका बाजूला साधारण तीन मिनिटं. झालं, संपलं. क्लबमध्ये जो माणूस कोरसमागून कोरस घेत सुटायचा त्याला स्टुडिओत जेमतेम एखादा मिळायचा. १९४१ मध्ये जेरी न्यूमन नावाच्या कॉलेजातल्या मुलाने हार्लेमच्या मिन्टन्स क्लबमध्ये गिटारवाला चार्ली ख्रिश्चन रेकॉर्ड केला, ते ऐका, तिथे कळतं की मोकळं सोडलं की तो काय करायचा. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली १९४८ मध्ये, मग कुठे श्वास घ्यायला जागा झाली. त्यात १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली, मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला, आणि नेमका त्याच काळात बीबॉप, जॅझचा एक नवा प्रकार, जन्माला येत होता. तिथे माझ्या कपाटात, आणि जगातल्या कुठल्याही कपाटात, एक भोक आहे.

बरं, रेकॉर्ड कधी कधी आपल्याला फसवतेसुद्धा. ट्रम्पेटवाल्या मायल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ ची. पहिल्या बाजूची तीन गाणी ज्या मशीनवर रेकॉर्ड झाली ते जरा हळू चालत होतं, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर रेकॉर्डवर ती किंचित जलद आणि वरच्या सुरात वाजतात, आणि हे १९९० च्या दशकात दुरुस्त झालं, तोपर्यंत सगळं जग वरच्या सुरातलंच ऐकत होतं. दुसरी गोष्ट १९५६ च्या न्यूपोर्ट फेस्टिव्हलची. एलिंग्टनचा सॅक्सवाला पॉल गॉन्सॅल्व्हिस २७ कोरस वाजवतो, लोक खुर्च्यांवर उभे राहतात, पण रेकॉर्डवर तो दुरून येतो, कारण तो रेकॉर्ड कंपनीच्या नाही, व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकमध्ये वाजवत होता! शिवाय त्या रेकॉर्डवरचा बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या होत्या. रेडिओची ती टेप पुढे सापडली, दोन्ही टेप्स जुळवून १९९९ मध्ये पूर्ण कार्यक्रम निघाला. जुनी रेकॉर्ड आणि ही, माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही पाहिजेतच, एक म्हणजे तेव्हा जगाने काय ऐकलं ते, आणि दुसरी म्हणजे तिथे खरंच काय झालं ते.

पहिल्या प्रेसिंगबद्दल, म्हणजे रेकॉर्डच्या पहिल्या छापील प्रतींबद्दल, थोडक्यात सांगते. रेकॉर्डवरच्या गाण्यांच्या खोबणी संपल्या की लेबलपर्यंत जी मोकळी पट्टी राहते तिथे बारीक खुणा असतात, ब्लू नोट या कंपनीच्या जुन्या रेकॉर्ड्सवर तिथे आरव्हीजी अशी अक्षरं दिसतात, म्हणजे मास्टर, ज्यावरून सगळ्या प्रती छापतात ती मूळ डिस्क, रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डरने कापलीय, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या प्रतींवर एक वळणदार पी, जो दिसतो कानासारखा, ती ज्या कारखान्यात छापली त्याची खूण. बघायला मजा येते, मी भिंग घेऊन बघते. पण नवीन सुरुवात करत असाल तर यामागे अजिबात लागू नका. ज्यात सगळे टेक्स आहेत, तारखा आणि वादकांची नावं नीट दिलीयत असं रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती, घ्या, सीडी असली तरी चालेल.

आणि लाइव्ह ऐकायला जा, हे मी हात जोडून सांगते. कारण मला रेकॉर्ड ऐकायला शिकवलं ते मैफिलीने. मी एकदा एका तिघांच्या बँडला सलग दोन रात्री ऐकलं, अगदी पुढे, ड्रम्सपासून हातभर अंतरावर. पहिल्या रात्री एक संथ गाणं ठीक झालं, छान, सुबक. दुसऱ्या रात्री त्याच गाण्यात पियानोवाली सोलोच्या मध्येच थांबली, हात कीजवर तसेच, आणि बासवाल्याने एकच सूर लांबवला, ड्रमवाल्याने ब्रश उचलून धरले, खाली आणलेच नाहीत, आणि चार-पाच सेकंद त्या खोलीत तेवढा एक सूर होता, बाकी काही नाही. मग ती परत आली ती वेगळ्याच ठिकाणाहून. ठरवलेलं नव्हतं, तिघांचे चेहरे समोर दिसत होते ना. घरी आले आणि रात्री दीडला तो व्हॅनगार्डचा संच लावला, आणि इतकी वर्षं ऐकूनही लाफारो जिथे जिथे वाजवत नाहीये ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

तेव्हापासून मी जमेल तिथे पुढे बसते, शक्यतो दुसऱ्या सेटला थांबते, कारण तोपर्यंत त्यांचे हात आणि खोली दोन्ही गरम झालेली असतात, फोन पर्समध्ये, आणि सोलो घेणाऱ्याकडे न बघता बाकीचे काय करतायत तिकडे बघते. घरी आल्यावर वहीत तारीख, जागा, वादक, आणि काय वाजलं ते लिहून ठेवते. या वहीतल्या बहुतेक रात्रींची रेकॉर्ड कुठेच नाही.

तर आज एक काम करा, 'ऑल ऑफ यू'चे ते तिन्ही टेक्स शोधा, हेडफोन लावा आणि एकापाठोपाठ एक ऐका, पियानो सोडून द्या, फक्त बासच्या मागे जा.