दोन मिलिसेकंदांचा निर्णय

[काळा पडदा. फोनच्या कोपऱ्यातलं एकच अक्षर उजळतं: 'ई'. काही क्षणांनी त्या जागी 'एच' येतं.]

फोनच्या वरच्या कोपऱ्यात 'ई' दिसलं की पान उघडेपर्यंत ताटकळत बसायचं. तिथे 'एच' आलं की जीव भांड्यात पडायचा. या दोन अक्षरांच्या मध्ये नेमकं काय घडलं, त्याची ही गोष्ट.

1 जुलै 1991. फिनलंडमध्ये जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या (टूजी) मोबाइल नेटवर्कवरून पहिला फोन झाला. हे नेटवर्क बोलण्यासाठी घडवलेलं होतं. रेडिओ लहरींच्या 200 किलोहर्ट्झ रुंद पट्ट्याचे वेळेनुसार आठ वाटे पाडायचे आणि बोलणाऱ्याला त्यातला एक द्यायचा. फोन ठेवेपर्यंत तो वाटा त्याचा. तो गप्प बसला, तरी त्याचाच.

डेटाची चाल वेगळी असते. माणूस पान उघडतो आणि मग मिनिटभर वाचत बसतो. त्या मिनिटात काहीच येत-जात नाही, तरी जागा अडलेली. वेग होता सेकंदाला 9.6 किलोबिट. म्हणजे एक मेगाबाइटचं चित्र उतरायला जवळपास 14 मिनिटं.

तोड जुनीच होती. 1960च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी ती स्वतंत्रपणे मांडली होती: संदेशाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घाला, वाट मोकळी होईल तसे सोडत राहा. 'पॅकेट' हा शब्द डेव्हिस यांचा. 2000च्या सुमारास जीपीआरएस या डेटा सेवेने ही कल्पना जीएसएमच्या आठ वाट्यांवर बसवली. ज्याचं पॅकेट तयार, त्याला तो क्षण. पुढे तिची वेगवान आवृत्ती 'एज' आली, तेच कोपऱ्यातलं 'ई'. पूर्वी लहरीच्या एका चिन्हात एक बिट मावायचा, एजने तीन बसवले. मात्र त्यासाठी सिग्नल स्वच्छ हवा.

[टॉवरवरून कॅमेरा मागे सरकतो. दूरवर एक बंद खोली, आत यंत्रांची रांग.]

1 ऑक्टोबर 2001 रोजी जपानमध्ये थ्रीजी सेवा सुरू झाली. पट्टा 5 मेगाहर्ट्झ रुंद, वेग 384 किलोबिटपर्यंत. पण एक खोट राहिली होती. कुणाला कधी आणि किती पाठवायचं हे टॉवर ठरवत नसे. ते ठरवणारा नियंत्रक दूर बसलेला असे आणि अनेक टॉवर त्याच्या हुकमतीत असत.

आणि हवेतली परिस्थिती तर क्षणोक्षणी पालटते. लहरी भिंतींवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी फोनपर्यंत येतात. कुठे त्या एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना मारतात. थ्रीजीच्या लहरींची लांबी साधारण 15 सेंटिमीटर. त्यामुळे हातातला फोन चार बोटं सरकला, तरी चांगला सिग्नल एकदम कमजोर होऊ शकतो. दूरच्या नियंत्रकाला हे कळेपर्यंत तो क्षण निघून गेलेला असे.

थ्रीजीतल्या एचएसडीपीए या सुधारणेने हा अधिकार टॉवरकडे आणला. हेच ते 'एच'. फोन टॉवरला सतत एक आकडा कळवत राहतो, 0 ते 30 मधला: आत्ता मला किती नीट ऐकू येतंय. टॉवर दर दोन मिलिसेकंदांनी सगळ्यांचे आकडे पाहतो आणि ज्याचा सिग्नल लाटेच्या माथ्यावर आहे, त्याला पाठवतो. इतकी वर्षं अभियंते ज्या चढउतारांशी झगडत होते, तेच आता कामाला लागले. अमेरिकेत विकसित झालेल्या ईव्ही-डीओ या दुसऱ्या थ्रीजी तंत्रानेही हीच वाट धरली होती.

मग टॉवरपासून लांब उभ्या असलेल्याचं काय? त्याची तुलना इतरांशी नाही, त्याच्या स्वतःच्या सरासरीशी करायची. त्याच्या मानाने चांगला क्षण आला, की पाळी त्याची. या सगळ्या प्रवासातली मला सर्वांत सुंदर वाटणारी कल्पना हीच.

दुसरी तिच्या तोडीची. पॅकेट बिघडून आलं तर फोन ते फेकून देत नाही, जपून ठेवतो. तेच पुन्हा आलं, की दोन्ही एकत्र करतो. दोन अर्धवट ऐकलेल्या वाक्यांतून एक पूर्ण वाक्य जुळावं, तसं. कागदावरचा वेग सेकंदाला 14 मेगाबिटपर्यंत गेला, तो या शहाणपणासह.

[स्टॉकहोम आणि ओस्लो नकाशावर उजळतात.]

डिसेंबर 2009 मध्ये या दोन शहरांत एलटीईची, म्हणजे आपण ज्याला फोरजी म्हणतो त्याची, पहिली सेवा सुरू झाली. दूरचा नियंत्रक आता उरलाच नव्हता. निर्णय दर मिलिसेकंदाला होऊ लागला, आणि पट्ट्याच्या 15 किलोहर्ट्झच्या बारीक धाग्यांपैकी कुणाला कोणते, हेही त्यातच ठरू लागलं. फाइव्हजीमध्ये हा काळ मिलिसेकंदाच्या आठव्या भागापर्यंत खाली येऊ शकतो.

एलटीईत बोलण्यासाठी राखीव वाटा नव्हताच. सुरुवातीचे फोन कॉल आला की जुन्या नेटवर्कवर उतरायचे. नंतर आवाजाचीच पॅकेटं झाली, 20 मिलिसेकंदांचं एक.

[दोन माणसं फोनवर. एक बोलता बोलता थांबतो.]

तो गप्प झाला. त्याचा फोन आता साधारण 160 मिलिसेकंदांनी एक छोटंसं पॅकेट पाठवतो, पलीकडे लाइन तुटल्यासारखं वाटू नये म्हणून. मधला सगळा वेळ टॉवरने दुसऱ्या कुणाला तरी दिलेला आहे.