कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही

कॅमेरा घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट बोलतो. एवढे पैसे घातले आणि फोटो मोबाइलसारखाही येत नाही. मघाशी चहा घेताना तुमच्यातल्या दोघातिघांनी मला हेच सांगितलं, आणि त्यांचं बरोबर आहे. मोबाइल एका दाबात अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर बसवतो, आकाश सावरतो, चेहरा उजळतो आणि वाढलेलं ताट समोर ठेवतो. डीएसएलआर, म्हणजे तुम्ही घेतलेला हा आरशाचा कॅमेरा, तुमच्या हातात शिधा देतो. तो शिजवायचा कसा, एवढंच आज बोलायचं आहे, आणि तेही सगळं नाही. एक गोष्ट नीट समजली की बाकीच्या आपोआप जागेवर बसतात असा माझा अनुभव आहे, म्हणून तिच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

आधी यंत्र पाहून घेऊ. लेन्स काढा, पण धुळीत नको, पंख्याखाली नको, आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून काढा. आत तिरका बसवलेला छोटा आरसा दिसेल. त्याला बोट लावू नका. लेन्समधून आलेला उजेड या आरशावर पडतो, तिथून वर जातो आणि फिरून तुमच्या डोळ्यात येतो. तुम्ही बटण दाबलंत की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा, म्हणजे शटर, उघडतो आणि उजेड चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर पडतो. तो 'खटॅक' आवाज याचाच. त्या वेळी व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, काळी होते. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण तुम्हाला दिसत नाही. मला हे आजही विलक्षण वाटतं.

व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीक चाक असतं. ते चष्म्याच्या नंबरसाठी आहे. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा. आतलं चित्र धूसर दिसतं म्हणून कॅमेरा बिघडला असं समजून दुकानात परत नेणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता मुद्द्याचं. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याच्या पहिल्या आषाढी वारीत मी माउलींच्या पालखीसाठी दिवे घाटात जाऊन उभा राहिलो. वर ढगाळ, पांढुरकं आकाश. खालून घाट चढणाऱ्या दिंड्या. पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, पांढरी धोतरं, मध्ये भगव्या पताका. एक आजोबा वळणावर थांबले, टाळ काखेत धरले आणि माझ्याकडे पाहून हसले. त्यांचं धोतर त्या दिवशी धुतलेलं होतं, घड्यांच्या रेघा दिसत होत्या. मी फोटो घेतला. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिला तर धोतर करडं, टोपी करडी, चेहरा काळवंडलेला. इतक्या स्वच्छ माणसाला मी मळकट करून ठेवलं होतं. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं. आणि का झालं ते कळल्याशिवाय पुढचा फोटो काढायचा नाही असं ठरवलं.

कारण असं. कॅमेऱ्यातलं मीटर उजेड मोजतं. पण समोर काय आहे हे त्याला माहीत नसतं. म्हणून ते एक गृहीत धरून चालतं: समोरच्या सगळ्याची सरासरी काढली तर ती मध्यम करडी येणार, साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारी. झाडं, रस्ता, विटांची भिंत, आपल्या लोकांचे चेहरे असं सगळं चौकटीत असेल तर हा अंदाज जमतो. पण चौकटभर पांढरं आलं की मीटरला वाटतं, फारच उजेड आहे, कमी करा. आणि पांढऱ्याचं करडं होतं. उलट, काळी म्हैस चौकटभर घ्या. मीटरला वाटतं, फार अंधार आहे, वाढवा. म्हैस राखेत लोळून आल्यासारखी दिसते. आताचे कॅमेरे चौकटीचे अनेक भाग पाडून हुशारीने हिशेब करतात, तरी दिंडी आणि म्हैस या दोन्ही ठिकाणी ते अजून फसतात. तुम्ही करून पाहा.

उपाय कॅमेऱ्यावरच आहे. अधिक-उण्याची खूण असलेलं बटण. पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. सुरुवातीला हे उलटं वाटतं, कारण मन म्हणतं की पांढरं आधीच उजळ आहे, मग आणखी कशाला वाढवायचं? मीटरने जे चोरलं ते आपण परत करतोय, असं समजा. पुढच्या वर्षी मी त्याच वळणावर अधिक १, म्हणजे दुप्पट उजेड, लावून उभा राहिलो. धोतरं पांढरी आली. ते आजोबा मात्र पुन्हा भेटले नाहीत.

माझं सगळं सांगणं याच्याभोवती आहे. कॅमेरा मोजतो, समोर धोतर आहे की म्हैस हे आपण सांगायचं. हिरव्या ऑटोवर ठेवलात तर ते सांगायची सोयच बहुतेक कॅमेऱ्यांत बंद असते. म्हणून ऑटो सोडा. पण लगेच मॅन्युअलवर, म्हणजे सगळं स्वतः ठरवायच्या मोडवरही उडी मारू नका. 'मॅन्युअलवर काढला तरच खरा फोटो' असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. मला ते पटत नाही. तीन चाकं एकदम फिरवताना समोरचं माणूस निघून जातं. लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर. पहिले काही महिने अ‍ॅपर्चरच्या मोडवर राहा, निकॉनवर ए, कॅननवर एव्ही. अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा ठरवेल, आणि अधिक-उण्याचं बटण हाताशी असू द्या.

अ‍ॅपर्चरच्या आकड्यांनी सगळे गोंधळतात. आकडा मोठा तर भोक लहान, हे कसं? तो आकडा खरं तर भागाकार आहे. एफ ४ म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थच्या, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या लांबीच्या, चौथ्या भागाएवढं भोक, एफ ८ म्हणजे आठव्या भागाएवढं. एका भाकरीचे चार तुकडे केले तर प्रत्येक तुकडा मोठा येतो, आठ केले तर लहान, तसंच हे. तुमच्यातल्या बहुतेकांकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे. तिच्यावर ३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. झूम केल्यावर ३.५ चं आपोआप ५.६ का होतं, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. १८ वर सर्वांत मोठं भोक ३.५, ५५ वर ५.६, एवढाच त्याचा अर्थ. आणि गंमत बघा, १८ ला ३.५ ने भागलं तर सुमारे ५ मिलिमीटर येतात, ५५ ला ५.६ ने भागलं तर जवळजवळ १०. भोक मोठंच झालं, पण लांबी त्याहून जास्त वाढली.

घरी हे करा. खिडकीच्या कट्ट्यावर पितळेचा तांब्या ठेवा, मागे चारपाच फुटांवर कुंडी असू द्या. लेन्स ५५ वर न्या, तांब्याच्या जवळ जा, मधला फोकस बिंदू तांब्याच्या काठावर ठेवून बटण अर्धं दाबा, मग पूर्ण. एक फोटो ५.६ वर, एक ११ वर, एक २२ वर. पहिल्यात कुंडी विरघळलेली असेल, तिसऱ्यात तिची पानं मोजता येतील. तिसरा फोटो हललेला असण्याची शक्यता खूप आहे, कारण भोक बारीक झालं की शटर जास्त वेळ उघडं राहतं. ५५ वर हातात धरून काढताना शटर १/१०० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून वेगात असू द्या. कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा तळहात लेन्सच्या खाली. लेन्सला कंपन आवरायची सोय असेल तर ती तुमचा हात सावरते. पळणारं पोर ती थांबवत नाही, त्यासाठी शटरच वेगात लागतं.

दुसरी लेन्स कोणती घ्यावी, हे एवढ्यात विचारू नका. सहा महिने १८-५५ वापरा, मग काढलेले फोटो चाळा. बरेचसे ५५ ला अडकलेले दिसले तर लांबची लेन्स घ्या. अंधारात अडकलेले दिसले तर १.८ ची ५० मिलिमीटर घ्या, स्वस्त आहे आणि फार गुणी आहे. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत कोंडून कपाटात ठेवू नका. लेन्सच्या काचेवर बुरशी धरते आणि ती सहज जात नाही. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि पुड्या ओलावल्या की बदला.

शटर मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याचं साधन आपल्या डोक्यावर टांगलेलं आहे. पंखा मिनिटाला साधारण ३०० फेरे घेतो असं धरा, म्हणजे सेकंदाला ५. शटर १/१० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात पंखा अर्धा फेरा पूर्ण करतो, आणि फोटोत पात्यांच्या जागी नुसती चकती येते. १/६० ला पातं ३० अंश सरकतं. पंखा आहे हे कळतं, कडा मात्र फिसकटलेल्या. १/१००० ला ते दोन अंशही सरकत नाही, पातं जवळजवळ थांबलेलं दिसतं. पण १/१००० ला फोटो काळाकुट्टही येईल, कारण तेवढ्यात उजेड पुरेसा आतच आला नाही. तिथे आयएसओ, म्हणजे सेन्सरचा उजेड टिपण्याचा जोर, वाढवायचा. ४०० वरून ८००, १६००, ३२००, प्रत्येक पायरीला दुप्पट. फोटो उजळेल, आणि सावलीच्या जागी दाणे दिसायला लागतील. किती दाणे चालतील हे ज्याचं त्याने ठरवायचं. मला स्वतःला दाणेदार पण स्थिर फोटो चालतो. गुळगुळीत पण हललेला चालत नाही.

तर कॅमेरे काढा. निकॉनवाल्यांनी मोडचं चाक शटरच्या मोडवर, म्हणजे एसवर न्या, कॅननवाल्यांनी टीव्हीवर. ऑटो आयएसओ बंद, आयएसओ ४०० वर. लेन्स १८ वर. पंख्याच्या मधल्या मोटरवर फोकस करा, पात्यांवर नको. १/१० पासून सुरू करू. मागच्या रांगेतल्यांनी खिडक्यांचे पडदे बाजूला करा, आणि कोणीतरी तो पंखा पाचवर लावा.