'सर्व धोके' म्हणजे कुठले?

श्रोतेहो, नमस्कार. मी सर्जन आहे, पण आज बोलणार आहे एका कागदाबद्दल. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर 'इथे सही करा' म्हणून जो पुढे करतात, त्या संमतीपत्राबद्दल.

त्यावर एक छापील ओळ असते: 'मला सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत.' 'सर्व' म्हणजे कुठले, ते कागदाला ठाऊक नसतं. ही ओळ खरं तर आम्हा डॉक्टरांच्या बचावासाठी. आणि तिथेही ती फारशी कामी येत नाही.

काही वर्षांपूर्वी एक कीर्तनकार बाई थायरॉइडच्या गाठीसाठी आल्या. गाठ साधीच, पण मोठी, घास अडायचा. मी नेहमीसारखं लिहिलं, 'आवाजात बदल संभवतो.' त्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाल्या, "डॉक्टर, बदल म्हणजे काय हो? मी काळी चारच्या पट्टीत गाते."

मी पेन खाली ठेवलं. थायरॉइडला लागूनच आवाजाच्या नसा जातात. मुख्य नस दुखावली तर आवाज घोगरा होतो. बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो, कायमचा राहतो तो साधारण शंभरात एखाद्याचा. पण वर आणखी एक बारीक नस असते. ती गेली तर बोलणं ठीक राहतं, वरचे सूर मात्र जातात. माझे गेले तर घरचे सुटकेचा निःश्वास टाकतील! या बाईंचं पोट त्यावर होतं.

मग कागद नव्याने लिहिला. कुठली नस, काय होईल, किती जणांना होतं. कॅल्शियम उतरून ओठांना मुंग्या येतात, तेही. ऑपरेशन केलंच नाही तर काय, तेही.

दिल्लीतल्या एका प्रकरणात दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईंचं गर्भाशय काढलं गेलं. संमती घेतली ती बाहेर बसलेल्या आईची. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. अगदी दुर्मीळ धोके सांगायलाच हवेत असं नाही, असंही त्या निकालात आहे. मला तिथे अडायला होतं. दुर्मीळ असला, तरी कुणाच्या गळ्यातला?

आमच्या कागदावर खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. काय समजलं ते बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'वरचा सा कदाचित लागणार नाही. घाई नाही असं डॉक्टर म्हणाले. चातुर्मासातली कीर्तनं उरकून येते.'

कार्तिकी झाल्यावर त्या आल्या.