मावशीच्या वहीतलं जपान

[दृश्य: टोकियोतली अरुंद गल्ली. पाऊस.]

सहा खुर्च्यांचं हॉटेल. एक स्वयंपाकी आणि वाढायला एक मुलगी. जेवण झालं, पैसे दिले, आणि मी सवयीने पाचशे येनचं नाणं वाटीशेजारी ठेवून निघाले. पन्नासेक पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून धावत्या पावलांचा आवाज आला. तीच मुलगी होती. छत्री न घेता, भिजत आली होती. दोन्ही हातांच्या ओंजळीत माझं नाणं. म्हणाली, 'वासुरेमोनो देस्.' तुमची वस्तू राहिली.

मावशीचा चेहरा पडला. 'बघ, मी म्हणत होते ना! अपमान झाला तिचा.'

मावशीची एक वही आहे. सांगलीजवळच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे कुठलीही तयारी वहीशिवाय होत नाही. जपानला यायचं ठरल्यावर तिने दोन महिने मोबाईलवर व्हिडिओ पाहिले आणि सुबक अक्षरात एकेचाळीस नियम उतरवून काढले. पहिलाच नियम: जपानमध्ये टिप देणं हा घोर अपमान.

त्या मुलीच्या चेहऱ्यावर अपमान झाल्याची खूणही नव्हती. गिऱ्हाईक पैसे विसरलं, ते पोचवायला ती आली होती. जपानमध्ये टिप द्यायची पद्धत नाही हे खरंच आहे, देऊ नका. पण तिथल्या पारंपरिक अतिथिगृहात, र्‍योकानमध्ये, खोली सांभाळणाऱ्या बाईला छोट्या पाकिटात घालून पैसे देण्याची जुनी चाल आहे. तिला 'कोकोरोझुके' म्हणतात. कोकोरो म्हणजे मन. पाकिटाशिवाय नोट पुढे करणं अवघडल्यासारखं वाटतं, एवढंच. 'अपमान' हा शब्द व्हिडिओवाल्यांनी जोडला, कारण 'तिथे पद्धत नाही' एवढं सांगितलं तर व्हिडिओ कोण बघणार?

2024 साली जपानला 3 कोटी 68 लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले. त्यात 2 लाखांहून अधिक भारतीय. यातल्या किती जणांनी निघण्यापूर्वी 'जपानमध्ये हे चुकूनही करू नका' असलं काहीतरी पाहिलं असेल, याचा अंदाज बांधायला आकडे लागत नाहीत. मला या सल्ल्यांचा राग येतो आणि तो लपवायचा नाही. माझी मावशी, जी एसटीत शेजारी बसलेल्या कुणाशीही पाच मिनिटांत नातं काढते, ती टोकियोत पहिले चार दिवस मान खाली घालून फिरली. काही चुकेल म्हणून बोलायची नाही, कुणाकडे बघून हसायचीही नाही.

[दृश्य: हॉटेलची खोली. टेबलावर उघडी वही.]

पाचव्या दिवशी रात्री आम्ही वही घेऊन बसलो.

नियम सात: चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नयेत. नियम आठ: आपल्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नये. नियम नऊ: नूडल्स खाताना आवाज केला नाही तर आचारी दुखावतो. तिन्ही ओळी एकाखाली एक, एकाच शाईत.

आता सात आणि आठ नीट बघूया. जपानी घरात माणूस गेलं की त्याच्या उशाशी भाताने शिगोशीग भरलेली वाटी ठेवतात आणि त्या भातात हाशी, म्हणजे जेवणाच्या काड्या, उभ्या रोवतात. या भाताला माकुरामेशी म्हणतात, उशाचा भात. आठव्या नियमामागचं कारण याहून आतलं आहे. दहन झाल्यावर जवळचे नातेवाईक राखेभोवती उभे राहतात. दोघं मिळून आपापल्या काड्यांनी एकेक अस्थी उचलतात आणि कलशात ठेवतात. सुरुवात पायांपासून करतात आणि डोक्याकडे जातात, म्हणजे कलशात माणूस उलटा होत नाही. मानेतला एक मणका शेवटी राखून ठेवतात. त्याचा आकार ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखा दिसतो असं मानतात.

मी हे सांगत होते आणि मावशीने पेन खाली ठेवलं.

'अगं, हे तर सावडणं!'

हो. सावडणंच. तिने स्वतःच्या वडिलांची राख कृष्णेकाठी सावडली आहे. त्यानंतर तिला हा नियम पाठ करायची गरज उरली नाही. जेवणाच्या ताटावर, हसत्याखेळत्या माणसांमध्ये, कुणी सावडल्यासारखं काही केलं तर आपल्याला कसं वाटेल? समोरचा परदेशी असला तरी पोटात गलबलेलच.

आणि याच्या शेजारी नूडल्सचा आवाज! सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स, भुरकून खाल्लं की त्याचा वास नाकापर्यंत येतो, म्हणून आवाज चालतो. चालतो म्हणजे केलाच पाहिजे असं नाही. टोकियोच्या स्टेशनांवर उभ्याने खायची सोबाची दुकानं असतात, तिथे मुकाट्याने खाणारे जपानी पायलीला पन्नास. वसाबी, म्हणजे सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी, सोया सॉसमध्ये कालवू नये हा तसाच नियम. उंची सुशीच्या दुकानात बरं दिसत नाही, घरी कितीतरी जण कालवतात. सुशी हाताने खाल्ली तरी चालते, त्यामुळे आपल्या माणसांनी उगाच काड्यांशी झटापट करू नये.

[दृश्य: स्टेशनवरचा सरकता जिना.]

काही सल्ले शिळे होऊनही फिरत राहतात. टोकियोत डावीकडे उभं राहा, ओसाकात उजवीकडे, आणि उरलेली बाजू घाईतल्या लोकांना चालायला सोडा. वर्षानुवर्षं हे जपानी शिस्तीचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं, आणि टोकियोत आजही तशा रांगा दिसतात. पण ऑक्टोबर 2021 मध्ये साईतामा प्रांताने नियम केला की सरकत्या जिन्यावर चालायचं नाही, दोन्ही बाजूंना थांबून उभं राहायचं. ऑक्टोबर 2023 पासून नागोया शहरातही तेच. दंड नाही, पण नियम आहे. कारण ऐकण्यासारखं आहे. अर्धांगवायूमुळे एकच हात चालतो असा माणूस एकाच बाजूचा कठडा धरू शकतो. ती बाजू नेमकी 'चालणाऱ्यांची' निघाली तर मागून धक्के बसतात.

शिष्टाचाराच्या नावाखाली कल्पित गोष्टी खपतात त्या फक्त परदेशी पाहुण्यांमध्येच नव्हे. जपानी माणसांनाही हा अनुभव आहे. 'एदो शिगुसा' म्हणून एक प्रकार तिथे गाजला. एदो हे टोकियोचं जुनं नाव. त्या काळचे व्यापारी म्हणे इतके सभ्य होते की पावसात समोरून कुणी आलं तर आपली छत्री बाहेरच्या बाजूला कलती करत, म्हणजे पाणी दुसऱ्यावर पडत नसे. गोष्ट गोड आहे. 2014 साली ती शिक्षण मंत्रालयाच्या, प्राथमिक शाळेतल्या नीतिपाठाच्या पुस्तकातही आली. अभ्यासक हारादा मिनोरु यांनी ती तपासली, तर एदो काळातल्या एकाही कागदात तिला आधार सापडेना. शिबा मित्सुआकिरा नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सारं पसरवलं होतं. पुरावा का नाही, याचंही उत्तर तयार होतं: ही शिकवण तोंडी होती, आणि ती जाणणाऱ्यांची एदो काळ संपवून आलेल्या मेइजी राजवटीच्या वेळी कत्तल झाली. अशा कत्तलीचाही पुरावा नाही.

छत्री कलती करणं चांगलंच आहे, जरूर करावी. त्यासाठी खोटा इतिहास मुलांच्या हातात द्यायला नको होता.

[दृश्य: क्योतो, गिओन. बंद गल्लीच्या तोंडाशी फलक.]

आणि एवढं सगळं सांगून जे सांगायला हवं ते राहून जातं. क्योतोच्या गिओन भागात कामावर निघालेल्या माइको, म्हणजे शिकाऊ गेशा, मुलींच्या मागे मोबाईल घेऊन धावणारे, त्यांचा किमोनो ओढणारे पाहुणे इतके वाढले की 2024 मध्ये तिथल्या रहिवाशांनी आपल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या. तिथल्या माणसांची मागणी साधी आहे: वाट अडवू नका, न विचारता फोटो काढू नका. मावशीच्या एकेचाळीस नियमांत हे एकदाही आलं नव्हतं.

[दृश्य: किनोसाकी. ओढ्याकाठची झुकलेली झाडं, लाकडी खडावांचा आवाज.]

ह्योगो प्रांतातलं किनोसाकी हे गरम पाण्याच्या कुंडांचं गाव. सात सार्वजनिक स्नानगृहांसाठी ओळखलं जाणारं. लोक युकाता, म्हणजे हलका सुती किमोनो, घालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. मावशीनेही युकाता घातला, पण उजवा पदर वर आणि डावा खाली. र्‍योकानच्या मालकीणबाई लगबगीने आल्या, हसून पदर सोडला आणि डावा वर घेऊन बांधून दिला. उजवा वर असतो तो मृताच्या अंगावर. जिवंतांनी डावा वर घ्यावा हा दंडक इ.स. 719 पासूनचा. मावशीला एका शब्दात उमगलं. 'अपसव्य,' ती म्हणाली. श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर येतं, तसंच.

तिची खरी भीती वेगळी होती. नियम तेविसावा: अंगावर टॅटू असेल तर स्नानगृहातून हाकलतात. मावशीच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, लहानपणी आजीने हाताला धरून गोंदवून घेतलेलं. चार दिवस ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून फिरत होती, हे मला तेव्हा कळलं.

भीती अगदीच निराधार नाही. गुन्हेगारी टोळ्यांतली माणसं अंगभर टॅटू काढून घेत, त्यामुळे टॅटूंवर बंदी घालणारी स्नानगृहं बरीच आहेत. 2015 साली जपानच्या पर्यटन खात्याने पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्या ठिकाणांपैकी सुमारे 56 टक्के मनाई करत होती, 31 टक्क्यांची हरकत नव्हती, आणि बाकीची झाकून या म्हणत होती. म्हणजे जिथे जायचं तिथे विचारायचं. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो.

आत कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळे पुढचं चित्र आमच्याकडे नाही. मावशीने बाहेर येऊन सांगितलं ते हे. वाफेत शेजारी एक म्हातारी बसली होती, ऐंशीच्या पुढची. तिची नजर मावशीच्या मनगटावर गेली. मावशी हात पाण्याखाली घेणार, तोच म्हातारीने बोटाने विचारलं, हे काय? एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती. मावशीने ओल्या दगडावर बोटाने वृंदावन काढलं, त्यात रोप काढलं, तांब्याने पाणी घातल्यासारखं केलं, पणती ठेवली आणि हात जोडले. म्हातारीने ते रोप पुसलं जाण्याआधी नीट बघून घेतलं, आणि मग तिनेही हात जोडले.