पीट आणि चौथी सीट

नमस्कार श्रोतेहो. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून परवा अँथुरियम आणलं. कुंडी बदलायला म्हणून उपटलं, तर मुळांना माती नव्हतीच. तपकिरी, तंतूतंतूंचं, हाताला पिंजलेल्या कापसासारखं हलकं काहीतरी. ते पीट. थंड मुलखातल्या पाणथळीत हवा न मिळाल्यानं अर्धवट कुजून राहिलेलं शेवाळ. त्याचा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर चढतो. आपल्या देशात अशा जातीची जमीन बघायची तर केरळातल्या कुट्टनाडला, तिथल्या 'करी' शेतांत.

"पीट खत धरून ठेवतं, मॅडम," नर्सरीवाला म्हणाला. धरतं, पण माणूस बघून! पीटवर ऋणभार असतो, म्हणून धनभाराची अन्नद्रव्यं त्याला चिकटतात. ठाण्याच्या माणसाला लोकलचं बाक आठवावं. कॅल्शियमवर दुप्पट भार, ते खिडकीशी ऐसपैस. पालाशला, म्हणजे पोटॅशियमला, चौथी सीट, अर्धं अंग बाहेर. चार वेळा भरपूर पाणी घातलं की उतरलंच. तांबं मात्र असं रुतून बसतं की झाडाच्याही हाती लागत नाही. पीटच्या शेतांत पिकांना तांब्याची उणीव भासते ती यामुळेच.

ताजं पीट आंबट, सामू (पीएच) ४च्या आसपास, म्हणजे बाकावर आधीच हायड्रोजन. चुना घातला की तो उठतो आणि इतरांना जागा होते.

नायट्रेट आणि स्फुरद (फॉस्फेट) यांचा भारही ऋणच. त्यांना बसायला कोण देणार? ते पाण्याबरोबर थेट खालच्या ताटलीत. आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीची तऱ्हा उलटी. तिथलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला जखडून टाकतं, आणि पालाश पावसात वाहून जातं.

आणखी एक मेख आहे. पीटची खत धरण्याची शक्ती किलोवर मोजली तर चिकणमातीलाही मागे टाकते. पण १ लिटर कोरडं पीट भरतं जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम, आणि झाड वाढतं कुंडीत, तराजूत नाही.

म्हणून १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं खत मी चमचाभर एकदम घालत नाही. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. ताटलीत उतरलेलं पाणी डासांच्या आधी उचलते आणि शेजारच्या जास्वंदीला घालते. ती तांबड्या मातीत आहे.